बशीतलं ऊन

वाक्य तसं साधंच होतं. असली वाक्यं तिने स्वतः इतकी लिहिली होती की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितली असती. ओल्या हाताने प्लगला हात लावू नये. झाकण काढण्याआधी यंत्र बंद करावे. लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवावे. तिसऱ्या पानाच्या तळाशी, चौकटीत, जरा ठळक अक्षरांत ते छापलेलं होतं. चिपच्या पाठीवरची काचेची खिडकी नेहमी पट्टीने झाकलेली ठेवावी. ती उन्हात उघडी राहिल्यास आत साठवलेले सर्व हळूहळू पुसले जाते व परत मिळवता येत नाही. जेवणाच्या सुट्टीत, समोर डबा उघडा, एका हातात घास, आणि दुसऱ्या हाताने पडद्यावरचं पान खाली सरकवता सरकवता तिने ते वाचलं. घास तिने डब्यात परत ठेवला. खरं सांगायचं तर तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच, की हे वाक्य चुकीच्या पानावर आहे, हे पहिल्या पानावर, अगदी वर हवं होतं. सवय, दुसरं काय. माणूस दारात कोसळला तरी ही आधी त्याच्या शर्टावरची छपाई तपासेल, असं भाऊ तिला चिडवायचा. मग ते वाक्य तिने पुन्हा वाचलं. कारण ती चिप या क्षणी घरी होती. पश्चिमेच्या उघड्या खिडकीत, चहाच्या बशीत, भर उन्हात. रोज सकाळी ऑफिसला निघताना ती स्वतःच्या हाताने तिला तिथे ठेवत होती, आणि संध्याकाळी आल्यावर पदराने पुसून आत घेत होती.

शेजारच्या टेबलावरचा आकृत्या काढणारा मान लांब करून म्हणाला, "काय सूचनाबाई, आला का तुमचा कागद?" ऑफिसात तिला सूचनाबाईच म्हणत. मिक्सर, गीझर, कपडे धुण्याची यंत्रं, कशाचीही माहितीपुस्तिका लिहायची तर ती तिनेच. आणि तिला एका जुन्यापुराण्या चिपचा कागद हवाय हे आता शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना ठाऊक झालं होतं. ती म्हणाली, "आला." "अरे वा! मग पार्टी कधी?" तिने डब्याचं झाकण लावलं. ते तिरकं बसलं, पुन्हा काढून लावलं. "डोकं चढलंय हो, मी निघते. साहेबांना सांगाल?" आकृत्यावाला गोंधळून उभा राहिला. कागद मिळाल्यावर माणसाचं डोकं का चढावं हे त्याला समजेना. छापून घेतलेली तीन पानं छातीशी धरून ती जिना उतरली, तेव्हा तिला आपण जिना उतरतोय हेही कळत नव्हतं. बाहेर उन्हाने रस्ता पांढरा झाला होता. या उन्हाचा तिला आयुष्यात कधी राग आला नव्हता. आज आला. बसमध्ये तिला सावलीच्या बाजूची जागा मिळाली, आणि आपल्याला सावली मिळाली याचीच तिला लाज वाटली.

खोकं भावजयीने आणून दिलं होतं. तेव्हा भाऊ जाऊन महिना उलटला असेल. धाकटा भाऊ. उभा राहायला लागल्यापासून दिवे लावणं, विझवणं, पुन्हा लावणं हाच त्याचा खेळ, म्हणून आईने त्याला खटक्या नाव ठेवलं आणि ते त्याला जन्मभर चिकटलं. भावजय दारात उभी राहिली ती दोन्ही हातांत खोकं सांभाळत. घाम पुसायलाही हात मोकळा नव्हता. "ताई, हे त्यांनी तुमच्यासाठी म्हणून वेगळं काढून ठेवलं होतं. आजारपणात रोज थोडं थोडं करत बसायचे. मी म्हणायची, पडून राहा. ऐकतात कुठले! करता करता एकटेच हसायचे." खोक्यातून दमट वास येत होता. माळ्यावर राहिलेलं असणार. आत त्यांचं जुनं यंत्र होतं. त्यांचंच, बहीणभावाचं. फळकुटाच्या पेटीत बसवलेला कॉम्प्युटर, निळा रंग पोपडे धरलेला. आणि एका स्पंजाच्या तुकड्यात पाय रोवून बसवलेली एकच चिप. बोटाच्या दोन पेरांएवढी, दोन्ही अंगांना गोमेसारखे पाय. पाठीवर कागदाची पांढरी पट्टी आणि तिच्यावर त्याच्या अक्षरात, शेवटी शेवटी हात कापत असावा अशा अक्षरात, दोनच शब्द. 'ताईसाठी. शेवटची.' पट्टीच्या एका टोकाला लाल डाग पडला होता. यंत्राच्या आत सगळ्या चिपा आपापल्या जागी होत्या, फक्त एक जागा रिकामी होती.

ती शेवटची म्हणजे काय हे भावजयीला कळण्यासारखं नव्हतं. बहिणीला मात्र कळलं, आणि ती स्टुलावर बसली. दोघं आईबाबांच्या घरी असताना खटक्या भंगारातून जुन्या ऑफिसांची मोडलेली यंत्रं उचलून आणायचा आणि मागच्या खोलीत त्यांतल्या चिपा सोडवत बसायचा. घरभर तापलेल्या डाखाचा, सोल्डरचा वास. आई ओरडायची, बाबा पेपर आणखी वर धरायचे. पण चिप सुटली म्हणजे काम झालं असं नाही. प्रत्येकीच्या पाठीवर नुसता नंबर. ती काय करते, कुठल्या पायाला वीज द्यायची, कुठल्या पायाला चुकूनही द्यायची नाही, हे सगळं कुठेतरी कुणीतरी छापलेल्या कागदावर, आणि तो कागद शोधायचं काम तिचं. तिचं अक्षर चांगलं, तिला पत्रं लिहिता येत, आणि मुख्य म्हणजे तिला दम होता. कंपन्यांना पत्रं, एजंटांना पत्रं, कॉलेजच्या वाचनालयात उंबरे झिजवणं, ग्रंथपालाच्या डोक्याशी डोकं लावणं. एखादा कागद आला की ती तो पाठीमागे लपवून खोलीत जायची आणि त्याला ओळखायला लावायची. त्याचं तोंड असं व्हायचं की तेवढ्यासाठी तिने आणखी शंभर पत्रं लिहिली असती. चिप त्याची, कागद तिचा, असं त्यांचं ठरलेलं होतं. आणि एक मानाची गोष्टही ठरलेली होती. जुळणी पुरी होत आली की शेवटची चिप ताईने बसवायची. तो हात मागे बांधून उभा राहायचा, जणू एखाद्या इमारतीचं उद्घाटन आहे. तिच्या हातातली चिप हलकेच फिरवून द्यायचा, "हां, अशी", आणि ती अंगठ्याने दाबायची.

एकदा मात्र तो फिरवायला विसरला. किंवा त्याने फिरवलेली तिने परत उलटी धरली, कोण जाणे. चिप उलटी बसली, खटका दाबला, आणि जळका वास आला. तिने घाईने उपटायला अंगठा लावला तो भाजला. त्या चिपेसाठी तो किती दिवस भंगारवाल्यांच्या मागे फिरला होता! तो रागावला नाही. तिचा अंगठा नळाखाली धरून उभा राहिला आणि म्हणाला, "जाऊ दे ताई, तिचीच वेळ भरली होती." पण तिने ते मनाला लावून घेतलं. कागद वाचल्याशिवाय पुन्हा कशाला हात लावणार नाही, असं तिने ठरवलं, आणि ते पुढे इतकं पाळलं की त्यावरच पोट भरलं. त्याच सुमारास तिची लाल नेलपॉलिशची बाटली घरातून नाहीशी झाली होती. आईने मोलकरणीवर संशय घेतला, ती बिचारी रडली, आणि बाटली कुणी नेली ते कधीच कळलं नाही.

बस सिग्नलला थांबली. पुढच्या बाईच्या मांडीवरचं पोर खिडकीच्या काचेवर जीभ लावत होतं. ती मनातल्या मनात म्हणाली, काचेतून थोडंच पुसलं जात असेल, आणि लगेच आठवलं की आपण खिडकीची काच उघडी ठेवतो, हवा लागावी म्हणून. दमट वास जावा म्हणून. उन्हात ठेवायचं तिच्या डोक्यात आलं तेही उगीच नव्हतं. तिने डोळ्यांनी पाहिलेलं होतं. गच्चीवर, ताटात, चिपा मांडून ठेवलेल्या, आणि खटक्या कठड्याला टेकून त्यांच्याकडे बघत बसलेला. आई कपडे वाळत घालायला आली आणि म्हणाली, "अगंबाई, यांनाही ऊन दाखवावं लागतं का रे, गाद्यांसारखं?" तो नुसता हसला. तो आईच्या असल्या बोलण्यावर नेहमी नुसता हसायचा. तिने तेव्हाच मनाशी धरलं की भंगारातल्या चिपांना ओल लागते, म्हणून त्यांना ऊन दाखवायचं असतं. इतकी वर्षं हे तिच्या मनात एखाद्या घरच्या रीतीसारखं बसून राहिलं, कुठल्याही कागदाशिवाय. जन्मात एकच गोष्ट तिने कागद न बघता खरी मानली, आणि ती ही. ताटात मांडलेल्या त्या चिपांवर पट्ट्या नव्हत्या. त्यांच्या पाठीवर काचेचे लहान लहान चौकोन होते आणि ते चमकत होते. तिला ते आता दिसत होतं, अगदी स्वच्छ. तो त्यांच्या पोटातलं जुनं, परक्या ऑफिसांचं काहीबाही पुसून काढत होता. पुसून झालं की त्यांत आपलं लिहिणार होता.

भावजय त्या दिवशी चहा घेऊन निघताना म्हणाली होती, "ताई, ते म्हणाले होते की—" आणि तिने तिला पुढे बोलू दिलं नव्हतं. "असू दे गं. मी शोधते ना याचा कागद. सगळं नीट वाचून मगच हात लावीन." रडू फुटायच्या आत भावजय जावी असं तिला वाटत होतं. भावजय मान डोलवून गेली. त्याच रात्री पट्टीखालचा नंबर वाचायचा म्हणून तिने केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा सोडून ती पट्टी सोडवली. इतक्या हळुवारपणे, की एक अक्षरही फाटलं नाही. त्याचं अक्षर टिकवायचं होतं. पट्टी तिने प्लॅस्टिकच्या तुकड्यावर चिकटवून पर्समध्ये, आईच्या फोटोशेजारी ठेवली. उघडी पडलेली चिप पुसून बघितली तर मधोमध काचेचा चौकोन, आणि आत खोलवर चकाकणारं काहीतरी. किती सुंदर, एवढंच तिला वाटलं.

मग सुरू झाला शोध. त्यात तिने उन्हाळा घालवला. घालवला म्हणण्यापेक्षा उपभोगला. चिप बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली होती. जुन्या यंत्रांचा नाद असलेल्या लोकांचे जगभर गट होते. तिथे तिने आपल्या पद्धतीने, मोजक्या शब्दांत, नंबर देऊन विचारलं. कुणी म्हणालं, आता कोण वापरतं हे! कुणी भलत्याच नंबराचा कागद पाठवला. एकाने चिपचा फोटो मागितला. तिने काढला, आणि पुस्तिकेत करावा तसा कडा कापून, फक्त नंबर दिसेल एवढाच ठेवून पाठवला. आवश्यक तेवढंच दाखवावं हा तिचा नियम. गल्लीच्या टोकाला एक जुनी यंत्रं दुरुस्त करणारा होता, चिप वाचायचं उपकरण बाळगून असलेला. त्याला तिने फोन केला तर तो म्हणाला, "आणा की, बघू." त्या 'बघू'चीच तिला धास्ती वाटली. कागद नसताना कुणी 'बघू' म्हटलं की तिच्या अंगठ्याला अजून चटका बसतो. आणि दूरच्या कुठल्या देशातला एक म्हातारा होता, चिपा विकणारा फिरता विक्रेता होता म्हणे एके काळी. तो तिला गुडघेदुखीबद्दल, गेलेल्या बायकोबद्दल, तळघरात भरलेल्या पाण्याबद्दल लांबलचक लिहायचा आणि शेवटी एक ओळ टाकायचा, अजून दोन कपाटं बघायची आहेत. ती त्याला गुडघ्याला काय लावायचं ते कळवायची. आजची तीन पानं त्याच्याच पत्रासोबत आली होती. संध्याकाळी घरी आल्यावर बशी आत घ्यायची, चिप पुसायची, पत्रं वाचायची, उत्तरं लिहायची. जुनेच दिवस परत आले होते. खटक्या मागच्या खोलीत आहे, डाखाचा वास येतोय, आणि आपण त्याला कागद शोधून देतोय.

आणि हेही खरं, आणि हे तिने बसमध्ये खिडकीकडे तोंड करून स्वतःशी कबूल केलं, की तो कागद लवकर मिळावा असं तिला मनापासून वाटत नव्हतं. मिळेपर्यंत त्याचं काहीतरी सांगायचं बाकी होतं. लागोपाठ इतकी वर्षं त्यांच्यात काही बोलणंच झालं नव्हतं. भांडण असं झालंच नाही, झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं. ती यंत्राची पुस्तिका लिहायची, तो दुसऱ्या दिवशी यंत्रच बदलायचा. "तू रोज बदलणार, मग मी लिहू तरी काय?" "तू लिहितेस म्हणून मी काय थांबून राहू?" एवढंच. मग तिला नोकरी लागली, जिथे यंत्रं बदलत नसत, बदलली तरी आधी कळवत. मग त्याचं लग्न, आईबाबांची आजारपणं, दोन्ही घरांतून येणारे तेच ते फोन. बरं आहे ना? बरं आहे. ये एकदा. येते. तो आजारी पडला तेव्हाही ती म्हणाली, येते. एका नव्या गीझरची पुस्तिका छपाईला जायची होती. ती छापून आली त्या आठवड्यात तो गेला. त्याने काय लिहिलं असेल? तिच्यावर रागावला असेल, की थट्टा केली असेल? जुना एखादा खेळ, ज्यात ती नेहमी हरायची? काहीही असलं तरी ते आत होतं, बशीत, तिच्या नजरेसमोर होतं, आणि वाचलं नाही तोवर संपणार नव्हतं.

घराचं कुलूप एका झटक्यात उघडेना. खोलीत शिरली तेव्हा ऊन बशीभर पसरलं होतं. चिप मधोमध, पाठ आकाशाकडे करून, एखाद्या आज्ञाधारक मुलीसारखी. तिने ती उचलली. गरम होती. तिने ती मुठीत झाकली आणि तशीच गल्लीच्या टोकापर्यंत गेली, मूठ न उघडता, जणू उरलंसुरलं काही असेल ते बोटांच्या फटींतून सांडेल.

दुरुस्तीवाला दुकानात पंख्याखाली बसून शेंगदाणे खात होता. गळ्यात दोरीने अडकवलेला चष्मा, पोटावर टरफलं. "या बाई. तुम्हीच ना त्या फोनवाल्या? आला का कागद?" तिने पानं पुढे केली. त्याने ती न बघताच बाजूला ठेवली. "कागद कशाला? ही तर ओळखीची जात आहे. त्या दिवशीच आणली असती तर दोन मिनिटांचं काम होतं." हात झटकून त्याने चिप उपकरणात बसवली, खटका ओढला, पडद्याकडे बघितलं. पडदा भरत गेला. एकच अक्षर, पुन्हा तेच अक्षर, ओळीमागून ओळ, पानामागून पान, सगळीकडे तेच. एखाद्या पोराने कंटाळून पाटी भरून टाकावी तसं. तिला वाटलं, पुढे काहीतरी वेगळं येईल. तो पान खाली ढकलत राहिला, तिच्याकडे बघून जरा जास्तच वेळ ढकलत राहिला. मग थांबला. "कोरी आहे बाई." "म्हणजे?" "म्हणजे काही नाही हिच्यात. उन्हाबिन्हात होती का?" त्याला खोटं सांगता आलं असतं. पण तिने आयुष्यात न तपासलेलं वाक्य कधी छापू दिलं नव्हतं. "हो," ती म्हणाली, "मीच ठेवत होते. रोज." दुरुस्तीवाल्याने चष्मा काढला. दोरीने तो त्याच्या पोटावर टेकला, टरफलांत. "कुणाची होती?" "भावाची." "हं," तो म्हणाला, आणि समोरची शेंगदाण्याची पुडी तिच्याकडे सरकवली. तिने त्यातला एक दाणा घेतला आणि हातातच धरून ठेवला.

घरी येऊन बसते तोच फोन वाजला. भावजय होती. दर आठ-दहा दिवसांनी तिचा फोन यायचा आणि इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती तेच विचारायची. विचारताना आवाज मुद्दाम हलका ठेवायची. "ताई, मिळाला का हो कागद?" तीही इतके महिने त्याच कागदाची वाट बघत असेल, हे तिच्या आज पहिल्यांदा ध्यानात आलं. "मिळाला," ती म्हणाली. पलीकडून लगेच आलं, "मग? काय होतं हो आत?" ती खिडकीकडे बघत होती. "अगं, काही राहिलं नाही. माझ्या हातून पुसलं गेलं." "पुसलं गेलं म्हणजे?" "मी ती उन्हात ठेवत होते. दमट वास येत होता म्हणून. त्यावरची पट्टी काढली होती मी, नंबर बघायला. ती काढायची नसते. ऊन लागलं की सगळं जातं, हे मला आज कळलं. कागदात लिहिलंय." भावजय हळूच म्हणाली, "पट्टी काढलीत? त्यावर तो ठिपका होता ना, लाल?" "डाग होता." "डाग नव्हता हो ताई. नेलपॉलिश होती. माझीच बाटली घेतली होती त्यांनी, मी ओरडलेसुद्धा. एक ठिपका पट्टीवर, एक पेटीच्या आत. मला म्हणाले होते, ताईला एवढंच सांग, ठिपक्याला ठिपका लाव आणि चालू कर. कागद शोधत बसू नकोस म्हणावं." मग ती भराभर बोलू लागली. "मी तेव्हा सांगतच होते. तुम्ही म्हणालात, वाचून करीन. मला वाटलं, तुम्ही पुस्तकं लिहिता यांची, मी काय सांगणार तुम्हाला! माझंच चुकलं. मी जोरात सांगायला हवं होतं." "नाही गं," ती म्हणाली, "नाही. तू सांगितलंस." आणि मग दोघीही रडल्या. फोन न ठेवता, एकमेकींचं रडणं ऐकत. त्याच्या मरणानंतर त्या दोघी एकत्र अशा रडल्याच नव्हत्या.

फोन ठेवल्यावर तिने कपाटातून पेटी काढली, झाकण उघडलं. रिकाम्या जागेच्या एका टोकाला लाल ठिपका होता. इतका ठळक, की तो आपल्याला आधी दिसला नाही यावर कुणी विश्वास ठेवला नसता. दिसला होता. रंग उडालाय असं वाटलं होतं. बाकीच्या जागांवरही ठिपके होते. काही ताजे, आणि काही फार जुने, काळपट पडलेले, एका वेगळ्याच लालचे. तो लाल तिने ओळखला. मोलकरीण उगाच रडली होती. म्हणजे तिचा अंगठा भाजला तेव्हापासून तो हे करत आला होता, की ताईच्या हातून पुन्हा काही उलटं बसू नये. ठिपक्याला ठिपका लाव आणि चालू कर. एवढी छोटी, एवढी स्वच्छ सूचना तिने तीस-पस्तीस वर्षांत लिहिली नव्हती. ज्या पुस्तिकेवरून तो तिच्याशी हुज्जत घालायचा, त्याच पुस्तिकेचं हे शेवटचं पान त्याने लिहून ठेवलं होतं, आणि ते वाचायच्या आधीच तिने सोडवून पर्समध्ये टाकलं होतं.

पर्समधून तिने पट्टी काढली. प्लॅस्टिकवरून सोलताना एका कोपऱ्याला चिरली, तिने पर्वा केली नाही. पट्टी चिपेच्या पाठीवर, काचेच्या चौकोनावर ठेवून अंगठ्याने दाबली. चिकटायला तयार नव्हती, तिने थोडा डिंक लावला. मग ठिपक्याला ठिपका धरला. कुणी हात मागे बांधून उभं नव्हतं, कुणी "हां, अशी" म्हटलं नाही, पण चिप बसली. पहिल्याच दाबाला, एकही पाय न वाकता. पेटी टीव्हीला जोडून खटका दाबला तेव्हा जळका वास आला नाही. टीव्हीच्या पडद्यावर तोच जुना करडा उजेड आला आणि डाव्या कोपऱ्यात पांढरा चौकोन उघडझाप करू लागला. तो म्हणायचा, बघ ताई, वाट बघतंय, सांग त्याला काहीतरी. ती समोर बसली. चौकोन उघडझाप करत राहिला. खिडकीतली बशी अजून तिथेच होती, आणि तिच्यात अजून ऊन होतं. तिने उठून खिडकी लावली आणि पडदा ओढून घेतला.